टाके घातलेली पुस्तकं

विमानतळालगतच्या हाउन्सलोतले आमचे शेजारी डॉक्टर सबनीस पुस्तकांना टाके घालतात. फाटलेल्या नव्हे, नव्याकोऱ्या पुस्तकांना. प्रत्येक प्रकरणाची पानं कडेला एकत्र धरायची आणि वाकड्या सुईने काळ्या रेशमाचे दोन टाके. तीस वर्षं इथल्या ब्रिटिश हॉस्पिटलांत माणसांची पोटं शिवली, आता रिटायर झाल्यावर गोष्टींतल्या राक्षसांची शिवतात.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती नव्या रनवेविरुद्धचं पत्रक घेऊन. डोक्यावरून विमानांची रांग लागलेली असते आणि आमची सुशिक्षित मराठी माणसं खिडक्यांना डबल ग्लेझिंगच्या काचा लावून गप्प बसतात, याची मला चीड आहे. सबनीसकाकांनी पत्रक पूर्ण वाचलं, दोन चुका काढल्या आणि सही केली. कारणाच्या रकान्यासाठी मी आरोग्य, हवा, मुलांची झोप असं बरंच सुचवलं. त्यांनी लिहिलं, शनिवारी सकाळी अकरा वाजता फोनवर ऐकू येत नाही.

ही चळवळ आहे, घरगुती तक्रार नव्हे, असं मी सुनावलं.

"मोर्चेवाल्या बाई, घाई नको. घाई केली की ब्लीडिंग होतं."

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. बस चुकली तरी हेच, कौन्सिलचं पत्र आलं तरी हेच.

शनिवारी अकराला फोन करायची ती इरा, त्यांची नात. मुलाचा संसार मोडला, तो सिंगापूरला गेला आणि सून इराला घेऊन जवळच्याच मेडनहेडला. सुनेने येऊ नका असं कधी म्हटलं नाही. या असंही म्हटलं नाही. मग आजोबा-नातीने पद्धत काढली. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, दोन घरांत, आठवड्याला एकच प्रकरण, आणि शनिवारी त्यावर कडाक्याचं भांडण. इरा शब्दाची पक्की. काकांना स्वतःचाच भरवसा नव्हता, पुढचं वाचून टाकतील म्हणून टाके.

उन्हाळ्यात जुनी मालिका संपली. मग फोनवर शाळा कशी आहे, तर फाइन. जेवलीस का, तर हो. चार मिनिटांत खेळ खलास.

आता सगळी मदार ऑक्टोबरवर होती. प्राचीन पुराणकथांवर बेतलेली मुलांची नवी साहसमालिका येणार होती. काकांनी पाताळाचे सात थर आणि नागांची वंशावळ कागदावर मांडून फ्रिजवर लावली. जाहिरातीतल्या नागाचे मणके चुकलेत, असं प्रकाशकाला पत्र पाठवलं. रनवेच्या सभेला यायला वेळ नाही म्हणणारा हा गृहस्थ पुस्तक निघालं त्या दिवशी टाय लावून, शाळकरी पोरांच्या रांगेत पाचवा उभा होता. मी त्यांना तोंडावर विचारलं, लाज नाही वाटत?

"बारा वर्षांची झाली गं ती," ते म्हणाले. "आता दुधाचे दात संपतात. पुस्तकंही संपत असतील तर?"

मी पत्रकं परत पिशवीत टाकली. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

एक प्रत पोस्टाने मेडनहेडला गेली. दुसरीला टाके पडले. एकतीस प्रकरणं, मे महिन्यापर्यंत पुरतील, असा हिशेब.

पहिल्या शनिवारी रनवेचं पोस्टर द्यायला मी तिथेच होते. फोन स्पीकरवर, काकांच्या हातात कात्री.

"आजोबा, सॉरी. मी वाचलं. सगळं. टू डेजमध्ये."

काकांनी कात्री खाली ठेवली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी गोष्टीचा शेवट फोडला तर हॉल सोडून जाणारा माणूस हा.

"आवडलं?"

"खूप. पण कोणाशी बोलू? फ्रेंड्स म्हणतात, बेबीश आहे."

"मला सांग."

"पण तुमचं स्पॉइल होईल ना."

"होऊ दे. पहिल्यापासून सांग."

ती सुटली. काका मधूनमधून "मग?" एवढंच म्हणत होते. पाताळाचे थर पुस्तकात पाचच निघाले, त्यावरही ते बोलले नाहीत. सव्वा बाराला नववं प्रकरण चाललं होतं, तेव्हा मागून सुनेची जेवायला हाक आली. इरा म्हणाली, थांब मम, आजोबांना सांगतेय. मग पावलं फोनजवळ आली.

"आजोबांना विचार," सून म्हणाली, "उरलेलं पुढच्या शनिवारी इथे येऊन ऐकतील का."

काका फोन तसाच सोडून टाय शोधायला उठले.

शेवटी 'हो' मीच म्हटलं.