मागच्या दाराची शिडी

स्टेपनी कुठं ठेवायची, एवढाच प्रश्न होता. त्यावर मी बायकोचं मत विचारलं आणि पुढचं सगळं रामायण त्या एका विचारण्यातून घडलं, असं माझं ठाम म्हणणं आहे. (तिचं म्हणणं वेगळं आहे.)

मी राजशेखर. भूमला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. वय अठ्ठेचाळीस, आणि या अठ्ठेचाळीस वर्षांत मी एकदाही समुद्र पाहिलेला नाही. हसू नका. आमच्या भागात एवढं पाणी एका जागी दिसलं, तर माणसं आधी त्यात उपसायची मोटार टाकतील आणि मग बघत बसतील. पण मला समुद्र नुसता बघायचा होता. आणि तो लॉजच्या खिडकीतून नाही, स्वतःच्या गाडीच्या दारात चहा पीत बघायचा होता.

म्हणून एका शाळेची जुनी व्हॅन विकायला निघाली तेव्हा मी ती घेतली. सहा महिने खपून आतल्या सीटा काढल्या, बेड टाकला, घडीचं टेबल बसवलं, शेगडी आणि पाण्याची टाकी लावली. झाली कॅम्पर व्हॅन. दोन मेला सकाळी निघायचं आणि थेट गुहागर गाठायचं, हे पक्कं झालं. साहेबांच्या मागं महिनाभर फिरून आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतली. कचेरीत एकूणएक माणसाला सांगून झालं. कचेरीसमोरच्या चहावाल्याला दोनदा सांगितलं.

माझी बायको भुवनेश्वरी या गाडीला ‘तुमचं भंगार’ म्हणायची. मार्चमध्ये ती पहिल्यांदा आतल्या बेडवर पडून बघायला आली आणि लगेच नाक धरून उठली. स्टेपनी बेडखाली होती. रबराचा वास सगळ्या गाडीत भरला होता.

“या टायराच्या उशाला मी निजायची न्हाय,” ती म्हणाली. “एक तर ते भाईर जाईल, न्हायतर मी घरी ऱ्हाईन.”

स्टेपनी बाहेर, म्हणजे मागच्या दारावर. मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसलो आणि मला कळलं की गाडीच्या मागच्या दारावर एक अख्खं जग असतं. टायरचा स्टँड दाराच्या पत्र्यावर बसवायचा की खाली सांगाड्याला, म्हणजे चेसिसला? पत्र्यावर बसवला तर वीस किलोच्या टायरनं वर्षात बिजागऱ्या लोंबतात. चेसिसला बसवला तर आधी स्टँडचा दांडा बाजूला फिरवायचा, मग दार उघडायचं. डावं दार रोज उघडतं, उजवं क्वचित. म्हणजे टायर उजवीकडं. मग डावं दार मोकळं कशाला ठेवायचं? व्हिडिओतल्या प्रत्येक गाडीच्या डाव्या दाराला शिडी होती. शिडी लोखंडी की अॅल्युमिनियमची? गोल पाइपची की चौकोनी? घडीची की कायमची? तीन आठवडे मला दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला, शेऱ्याच्या रकान्यासकट. (सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर तक्ता मी सरकारसाठी केलेला नाही.)

बार्शी रोडला बजरंगचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो ट्रॉल्या आणि गेटं बनवतो. त्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, टायर उजवीकडं, शिडी डावीकडं. चेसिसला धरतो. काळजी करू नका.”

घरी येऊन मी हे सांगितलं. भुवनेश्वरी तांदूळ निवडत होती. ‘शिडी’ म्हटल्यावर तिचा हात थांबला. टपावर चढता येईल का, असं तिनं विचारलं. येईल की, मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेब स्वतःहून माझ्याबरोबर बजरंगच्या दुकानात आल्या.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. ती नुसती आली नाही, तिनं दुकानाचा ताबाच घेतला. पायऱ्या गोल नकोत, पाय सटकतो, सपाट पट्ट्या लावा. दोन पायऱ्यांत वीतभरच अंतर पाहिजे, लुगडं आवरत चढायचं असतंय. वर धरायला कठडा पाहिजे. टपावर सपाट पत्रा टाका आणि कडेनं चार बोटं उंच पट्टी फिरवा. तिनं शिडी तीनदा चढून बघितली. तिसऱ्यांदा तर तळहातावर ताट घेऊन चढली. ताट तिनं घरूनच आणलं होतं.

इथं मला शंका यायला पाहिजे होती. पण मी हवेत होतो. मला वाटलं, हिच्या डोळ्यांपुढं संध्याकाळ आहे, समोर समुद्र आहे, आम्ही दोघं टपावर बसलोय आणि ताटात भजी आहेत. मी गहिवरून बजरंगला तसं सांगितलंसुद्धा. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं आणि खाली वाकून पट्टी मापायला लागला. (त्याचं लग्न झालेलं आहे.)

गाडी तयार झाली तेव्हा मी लहान पोरासारखा नाचायचा बाकी होतो. उजवीकडं टायर, डावीकडं शिडी, दोन्हींना काळा रंग. दांडा फिरवून खटकी लावली की असा काही ‘खट्’ आवाज यायचा की कान तृप्त व्हायचे. पहिल्या दिवशी मी ती चाळीस वेळा लावली आणि काढली.

त्यानंतरच्या रविवारी अंघोळ करून बाहेर आलो तर आमच्या दारात गल्लीतल्या बायकांची रांग. खालून वर ताटं चाललेली, आणि टपावर पदर खोचून उभी भुवनेश्वरी. अख्खा टप पांढऱ्या कुरडयांनी भरला होता. स्टेपनीवर चिकाचं ओलं फडकं वाळत होतं.

हे काय चाललंय, मी विचारलं.

“एकोणीस वर्षं उमाक्काच्या गच्चीत एका कोपऱ्यात वाळवण घातलं,” ती वरून म्हणाली. “ते बी त्यांचं उचलून झाल्यावर. आता ही माझी गच्ची हाय.”

तुम्हाला सांगायला पाहिजे, आमचं घर उतरत्या पत्र्याचं. गल्लीत स्लॅब फक्त समोरच्या उमाबाईंचा, आणि गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला. उन्हाळा आला की सगळ्या बायका त्या किल्लीची मनधरणी करायच्या. मी हे एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात बघत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. आता टपावर तिचा चेहरा असा फुलला होता की मला नाही म्हणवेना. दोन मेपर्यंत काय वाळवायचं ते वाळव, एवढंच म्हणालो.

मग अख्ख्या गल्लीचे नंबर लागले. शेवया झाल्या, पापड झाले, बटाट्याचा कीस झाला. तीन आठवडे गाडी तसूभर हलली नाही. मी संध्याकाळी आत बेडवर पडून डोक्यावरची पावलं ऐकायचो आणि गुहागरच्या लाटा समजायचो. एप्रिलच्या शेवटी उमाबाईंच्या गच्चीवर वानरांची टोळी उतरली आणि त्यांचे दोन दिवसांचे पापड फस्त करून गेली. आणि उमाबाई, स्वतः उमाबाई, आमच्या दारात नंबर मागायला आल्या.

भुवनेश्वरीनं त्यांना बसायला पाट दिला, चहा केला, इकडचं तिकडचं विचारलं आणि घाई न करता तारीख दिली. दोन मे.

त्या गेल्यावर मी कपाळाला हात लावला. आपल्याला त्या दिवशी समुद्रावर जायचंय, हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण तेवढा एकच दिवस मोकळा होता, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अक्का मागायला आल्यात, त्यांना मी नाही म्हणू का, असं तिनं मलाच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

दोन मेला सकाळी सहाला मी नवी टोपी आणि काळा चष्मा घालून तयार. टप पहाटेपासून उमाबाईंच्या ओल्या कुरडयांनी भरलेला. मी खूप आदळआपट केली. शेवटी तोड निघाली. उमाबाईंची बहीण बार्शीला असते, आमचा रस्ताही बार्शीवरूनच जातो. कुरडया टपावरच राहू द्यायच्या, वरून जुनं लुगडं ताणून चारी बाजूंनी बांधायचं, आणि उमाबाईंनी आमच्याबरोबर यायचं. मे महिन्याचा तापलेला पत्रा आहे, संध्याकाळपर्यंत बहिणीच्या दारात कुरडया वाळून डब्यात भरता येतील. अट एकच, गाडी सायकलच्या वेगानं चालवायची. मी तशी शपथ घेतली.

निघालो. मागं बेडवर या दोघी, वर कुरडया, पुढं मी आणि माझा समुद्र. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं आणि वळून वळून बघितलं. दर दोन किलोमीटरला उमाबाई गाडी थांबवून शिडी चढून कुरडया तपासायच्या. एका फाट्यावर एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन आला, बार्शी का म्हणाला आणि शिडीवर पाय ठेवून वर निघाला. त्याला उतरवताना दहा मिनिटं गेली.

मग नवा रस्ता लागला. रुंद, गुळगुळीत, दूरवर मोकळा. खिडकीतून वारा आला आणि, खोटं सांगत नाही, मला त्याला समुद्राचा वास आला. (गुहागर अजून दोन-तीन जिल्हे ओलांडून होतं.) मी गाणं म्हणायला लागलो. पाय कधी दाबला गेला कळलं नाही, चौथा गिअर कधी पडला कळलं नाही. आरशात बघितलं तर गाडीच्या मागं आभाळात पांढरं पांढरं काहीतरी उडत होतं. माझा आनंद मावेना. बघा, बगळ्यांचा थवा आपल्या मागं लागलाय, मी म्हणालो.

उमाबाईंनी मागच्या काचेतून बघितलं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “त्या माझ्या कुरडया हायती.”

गाडी थांबली तेव्हा लुगडं शिडीला एका टोकानं अडकून फडफडत होतं आणि कुरडया अर्धा किलोमीटर रानात पसरल्या होत्या. आम्ही तिघं वेचायला धावलो. आमच्या आधी शेरडं पोचली. तासाभरात एक डबाही भरला नाही, आणि त्यातली निम्मी ढेकळं होती. उमाबाई बांधावर बसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “असू दे भुवने. माझी गच्चीच बरी हाय बघ.”

भुवनेश्वरीचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षांनी मिळालेली तिची गच्ची मी एका गिअरमध्ये घालवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी बोलणार तोच ती ताठ उभी राहिली.

“अक्का, तुमची एक एक कुरडई मी भरून देते. आजच गहू भिजत घालते. ह्यांना आठ दिवस रजाच हाय.”

मी गाडी वळवली. त्या वेळी दुसरं काही करण्याची माझी छाती नव्हती.

कुरडईचं गणित तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, मग शिजवायचा. तो शिजताना ढवळणाऱ्या माणसाचे खांदे निखळतात, ढवळणारा मी होतो. मग सोऱ्यातून घालायच्या. सोऱ्या फिरवून माझ्या तळहाताला फोड आले. मग वाळवायच्या, आणि टपावर छत्री आणि काठी घेऊन वानरांवर नजर ठेवायची. हे सगळं बरोबर आठ दिवसांत बसतं. आठव्या दिवशी उमाबाई आल्या, एक कुरडई मोडून बघितली, उन्हाकडं धरून बघितली आणि सांडग्यांसाठी पुढची तारीख मागितली. भुवनेश्वरीनं दिली. तिचा तो चेहरा बघून मला खरंच भरून आलं. त्या क्षणी समुद्राची आठवणसुद्धा झाली नाही.

ती झाली दुसऱ्या दिवशी, कचेरीत. सगळे माझी वाटच बघत होते. मी उन्हानं काळाठिक्कर पडलो होतो, त्यामुळं कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. आता खरं सांगून काय उपयोग? मी लाटा सांगितल्या, होड्या सांगितल्या, मावळतीचा सूर्य असा काही बुडवला की साहेबसुद्धा केबिनच्या दारात येऊन ऐकत उभे राहिले. पाणी चवीला कसं असतं, कुणीतरी विचारलं. मी डोळे मिटून म्हणालो, खारट.

आमचा शिपाई सिदू चहाचा ट्रे धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होता. सगळे पांगल्यावर तो जवळ आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

“वहिनींनी सकाळी दिलाय, भाऊसाहेब. तुमची सही तेवढी राह्यलीय.”

पुढच्या आठवड्यातल्या चार दिवसांच्या रजेचा अर्ज होता, भुवनेश्वरीच्या गोल अक्षरात. रजेच्या कारणापुढं तिनं लिहिलं होतं: उर्वरित समुद्र पाहणे.