पंख बघणारे गणूकाका

गणूकाकांच्या गावी, कापड्याला, एका लग्नात नवरदेवाची गाडी दोन जीपच्या मध्ये अडकली आणि काकांनी वरात थांबवली. मुहूर्त जवळ आला होता, नवरीचा मामा मांडवाच्या दारातून हात हलवत होता. काका मात्र गाडीच्या आरशापाशी वाकून, उलटे चालत, ड्रायव्हरला बोट बोट पुढे घेत होते. "पंख बघ रे, पंख," एवढंच मधून मधून. शेवटी नवरदेव कंटाळून मागच्या दाराने उतरला आणि चालत मांडवात गेला. गाडी मागाहून आली, पण तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

काकांच्या लेखी सगळ्यांनाच पंख असतात. रिक्षाचे आरसे म्हणजे पंख. महाडच्या बाजारात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली बाई दिसली की हे तिच्यापुढे चालत वाट करून देणार आणि अदबीने सांगणार, "वहिनी, डावा पंख." महाडच्या एसटी स्टँडवर एकदा मागे येणाऱ्या बसला त्यांनी इतकं मन लावून जागा दाखवली, की कंडक्टर शिट्टी खिशात टाकून चहाला निघून गेला.

याला कारण त्यांची नोकरी. आम्ही दोघं वरंध घाटापलीकडे, देशावर, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत कामाला. मी महाडची. रेडिओच्या खोलीत बसून विमानांशी बोलते. काका जमिनीवर. लहान, दोन माणसांची विमानं उभ्या जागेवरून धावपट्टीकडे जमिनीवरून चालत जातात, तेव्हा ती एकमेकांना लागू नयेत हे बघायचं काम काकांचं. दिवसा ते सोपं असतं. रात्री समोरचा दिवा दिसतो, पण तो किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून काका पंखाच्या टोकाबाहेरून, हातांत बॅटरीवर पेटणाऱ्या दोन कांड्या घेऊन चालतात. कांड्या हलत्या असल्या तर या, डोक्यावर फुली केली तर थांबा.

शिकायला आलेली पोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करत. काकांना ते ठाऊक होतं. एकाला तर त्यांनी, तुझा उजवा हात खाली पडतोय, असं सांगून नक्कल सुधारून दिली होती.

त्या दिवशी नुकताच अंधार पडला होता. मीनल नावाची विद्यार्थिनी पहिल्यांदाच रात्रीची एकटी विमान घेऊन निघाली होती. काका बरोबर चालत होते. त्याच वेळी दुसरा एक विद्यार्थी उतरून परत येत होता. त्याच्या विमानाचा पुढचा दिवा गेला होता आणि अंधारात त्याचं वळणही चुकलं. सांगितलेली वाट सोडून तो मीनलच्या वाटेला येऊन मिळणाऱ्या तिठ्याकडे निघाला. त्याच्या पंखांवरचे बारके लाल-हिरवे दिवे मागच्या शेडच्या दिव्यांत मिसळून गेले होते. मला खिडकीतून काही वेगळं दिसत नव्हतं.

काकांनाही ते विमान दिसलं नव्हतं. एकाच्या जागी दोन इंजिनं वाजतायत असं त्यांना वाटलं, एवढंच. ते पुढे, मीनलला दिसतील असे धावले आणि डोक्यावर कांड्यांची फुली धरली. मीनल जागच्या जागी थांबली. मग काका वळले आणि तीच फुली अंधाराकडे धरून उभे राहिले. ती फुली बघून मी रेडिओवर सगळ्यांना थांबायला सांगितलं. काकांचे डोळे दिपू नयेत म्हणून बंद ठेवलेला आपला पुढचा मोठा दिवा मीनलने लावला, आणि त्या उजेडात समोरच्या पोराला तिठा, काका आणि तिचं विमान एकदमच दिसलं. त्याने ब्रेक दाबले.

दोन्ही इंजिनं बंद झाली. मी जिना उतरून धावत गेले. दोन पंखांच्या मधून एखादी म्हैस आरामात गेली असती, इतकी जागा उरली होती. कुणाला काही झालं नव्हतं. काकांच्या एका पायात चप्पल नव्हती. शिकवणारे सर आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

मीनल मात्र उतरायला तयार नव्हती. आत बसून रडत होती. मला हे जमणार नाही, म्हणत होती. काका दाराशी गेले.

"बाय, मी फुली केली तवा तू काय केलंस?"

"थांबले."

"मग झालं की. उडवायला सर शिकवतील. थांबायला तुला येतंय."

ती रडता रडता हसली. पुढच्याच आठवड्यात तिने ते रात्रीचं उड्डाण केलं.

त्या रात्री मी काकांना चहाला शोधायला गेले, तर ते शेडच्या मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. पलीकडे कापड्याला त्यांची बायको होती. काकांचा घरचा फोन म्हणजे पोचलो, जेवलो, ठेवतो. आज ते ठेवत नव्हते. म्हशीला वैरण घातली का, विचारलं. शेजारणीच्या सुनेचं काय झालं, विचारलं. घडलेल्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. मग तिनेच काहीतरी विचारलं असावं.

"काय नाय गो," ते म्हणाले. "मी बरा हाय. तू बोल."

मी पाय न वाजवता मागे फिरले. चहा निवला, तरी त्यांचं बोलणं चाललं होतं.