सिटाडेलचं जन्मगाव

"काय रे सेक्रेटरी, हा शब्द कुठल्या गावचा?"

गमरेकाका गेटवरून इतक्या जोरात ओरडले की सतराव्या मजल्यावरचं कबूतर दचकून थेट लालबागला जाऊन बसलं. काकांचं बोट होतं आमच्या टॉवरच्या सोनेरी नावाकडे: सिटाडेल. डिलाईल रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा हे नाव मीच सुचवलं होतं. अर्थ माहीत नव्हता. मुलाच्या लग्नपत्रिकेवर पत्ता वजनदार दिसेल, एवढाच माझा भाषेचा अभ्यास.

"लंडनकडचा असेल," मी म्हणालो.

"अरे बाबा, शब्दाची जात विचारू नये, जन्मगाव विचारावं. हा मूळचा इटलीचा. अर्थ, छोटं शहर. शहराला लागून बांधलेला किल्ला. शत्रू आला की अख्खं गाव आत यायचं."

"आणि दार लावून घ्यायचं," मी हुशारी मारली. "तुम्ही कधी लावताय?"

खरं भांडण तेच होतं. काका ग्रंथालयातून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. घराचं दार मात्र चाळीतल्यासारखं दिवसभर सताड उघडं. टॉवरची दारं आपोआप मिटणारी, म्हणून फटीत पाच किलोचा इंग्रजी शब्दकोश. शेजारी बंद दारांआडून फोनवर तक्रारी करायचे. मी तीन नोटिसा धाडल्या. तिन्ही लाल पेन्सिलीनं दुरुस्त होऊन परत आल्या. तिसरीवर शेरा होता, 'प्रगती आहे.'

शेवटी कमिटीनं मलाच वर पिटाळलं: शब्दकोश उचल, दार लाव, मगच खाली ये. गड सर करायला निघाल्यासारखा मी लिफ्टमध्ये शिरलो.

काका दारातच स्टुलावर बसले होते. समोर तीन बंद दारं. शेजारी थर्मास आणि दोन कप, त्यातला एक उपडा. मी वाकून शब्दकोश उचलला. दार हळूहळू मिटायला लागलं. ते मिटावं म्हणून काकांनी आपणहून स्टूल मागे ओढलं. तेच मला झेपेना.

"काका, महिनाभर दार उघडं ठेवलंत. आलं कोण?"

"दोघं आले. दोघंही मजला चुकलेले." काकांनी थर्मास जवळ ओढला. "एकानं चहा घेतला पण."

मी शब्दकोश होता तिथे ठेवला आणि उपडा कप सुलटा केला.

तासाभरानं खाली उतरलो, तर कमिटी वाट बघत बसलेली.

"लावलंस दार?"

"नाही," मी म्हणालो. "मजला चुकलो."