साम्य ब्याण्णव टक्के

पुरातत्त्व खात्याचे छापील नियतकालिक बंद होऊन इलेक्ट्रॉनिक झाले, हे खापरकाकांना परिपत्रकाने कळले. महिनाअखेर पोर्टलवर लेख नसेल त्याची बढती कायमची बंद, असेही त्यात नमूद होते. उत्खननातले त्रेसष्ट तुकडे घेऊन, नळाशेजारच्या टेबलावर अकरा वर्षे खपून काकांनी एक मडके जुळवले होते. पोटच्या पोरांपेक्षा त्याचेच लाड जास्त, असे त्यांची बायको म्हणे. काकांनी त्याच मडक्यावर लेख लिहून पाठवला.

दोन मिनिटांत लेख परत आला. शेरा होता: "साम्य ब्याण्णव टक्के. अनुज्ञेय मर्यादा दहा."

काकांनी पोर्टलच्या मदतकक्षाला फोन लावला.

"मॅडम, साम्य कुणाशी?"

"तुमच्याच उत्खनन अहवालाशी, सर. उंची तीच, तोंडाचा घेर तोच, नक्षीसुद्धा तीच."

"अहो, मडकंच ते आहे!"

"मग नवीन काय सांगताय? मापं बदला की."

"मापं कशी बदलू? मडकं आहे तेवढंच आहे!"

"तो तुमच्या अखत्यारीतला विषय, सर. आम्ही मडक्यात हात घालत नाही."

खोटे माप लिहायला काकांचा हात धजेना. ते सचोटीचे संशोधक होते. म्हणून त्यांनी कानस मागवली. काठ दोन बोटे घासला, ढसाढसा रडले, पुन्हा मोजून खरीखुरी मापे भरली. साम्य एक्याऐंशी. बूड घासले, साठ. नक्षी खरवडली तेव्हा बेचाळीस, आणि सोबत हिरव्या अक्षरांत "प्रगती समाधानकारक". मग मात्र काकांना चेव चढला. खुद्द संचालक बाह्या सरसावून, पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसले. गाडी बारावर अडली तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा उरला होता.

"काका, दोनच टक्के! आता कच खाऊ नका."

काकांनी डोळे मिटून हातोडा घातला.

साम्य शून्य! 'एक अपूर्व मडके' तत्काळ प्रकाशित झाले. छायाचित्रात वाटीभर लाल भुकटी. बढतीचा कागद आला तेव्हा काका ती भुकटी रुमालात गोळा करत होते. त्यांना फार एकटे वाटत होते.

संध्याकाळपर्यंत लेखाखाली चारशे बारा अभिनंदने जमली. "सखोल!" "डोळे उघडणारे संशोधन!" "मडके डोळ्यांसमोर उभे राहिले!" त्याखाली पोर्टलने बारीक अक्षरांत नोंदवले होते: लेख उघडणारे, शून्य. काकांनी चष्मा पुसून अभिनंदन करणाऱ्यांची यादी सावकाश वाचली. तुमचे नाव त्यांना सतराव्या क्रमांकावर सापडले.