साठ पत्त्यांचं हळदकुंकू

"या वेळी डेक असा बांधलाय, की आता त्यातला एक पत्ता ब्रह्मदेवालासुद्धा बदलता येणार नाही," असं यज्ञेशने नवरात्राच्या सातव्या माळेला जेवताना जाहीर केलं. ब्रह्मदेवाला तसदी घ्यावीच लागली नाही. घरात दशरथ होते.

यज्ञेश बत्तीस वर्षांचा. दिवसभर घाटकोपरच्या ऑफिसात विम्याचे फॉर्म तपासायचा आणि भांडुपला घरी आला की अजगर, राक्षस नि जादूगार यांचा सेनापती व्हायचा. हे सगळे पत्त्यांवर छापलेले. साठ पत्ते निवडून आपली फौज उभी करायची, तिला म्हणायचं डेक. मग समोरच्याच्या फौजेशी भिडायचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंधेरीत या खेळाची मोठी स्पर्धा होती. तीनशे खेळाडू, दोन दिवस. पहिल्या दिवशीच्या आठ राउंडमधून फक्त बत्तीस जण दुसऱ्या दिवशी खेळणार. गेली चार वर्षं यज्ञेशचा दुसरा दिवस घरी कांदे चिरण्यात जात होता.

या वर्षी मात्र कपाटाचा मधला खण पणाला लागला होता. भांडुपच्या दीड खोलीत खण म्हणजे काय, हे दीड खोलीत राहणाऱ्यालाच कळेल. त्या खणात यज्ञेशचे पत्त्यांचे बारा खोके होते आणि त्या बारा खोक्यांवर त्याची आई कुंदाताई यांची सात वर्षं नजर होती. गावाहून येणारं कोकम, तिरफळं, कुळथाचं पीठ यांचे स्टीलचे डबे पलंगाखाली दिवस काढत होते. शेवटी यज्ञेशच्या बायकोने, सईने तह करून दिला. दुसऱ्या दिवसापर्यंत पोचला तर खण त्याचा. नाही पोचला तर डब्यांचा.

"लिहून देऊ?" यज्ञेश म्हणाला.

"कशाला?" कुंदाताई म्हणाल्या. "डबे घासून ठेवलेत मी."

यज्ञेशचे वडील दशरथ या तहात नव्हते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भांडुपच्याच एका कारखान्यात तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं. मुलाच्या छंदाला ते अकरा वर्षं "पत्ते कुटणं" म्हणत आले होते. पण यंदा तीन आठवडे ते खाटेवरून नुसते बघत होते. पोरगा दहा डाव खेळतो, वहीत लिहितो, एक पत्ता काढतो, दुसरा घालतो, परत दहा डाव खेळतो.

"एका वेळी एकच बदल करतोस?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो. दोन केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही."

दशरथांनी वहीतलं पान वरपासून खालपर्यंत निरखलं. मग म्हणाले, "हं." अकरा वर्षांत एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. यज्ञेशला वाटलं, वडिलांच्या घशात काही अडकलं असावं.

दसरा उजाडला. सालाबादप्रमाणे दशरथांनी पाटावर आपली अवजारं मांडली. दोन पाने, एक कानस आणि पेटीतून वर्षातून एकदाच बाहेर पडणारी, बारीक मापं घ्यायची व्हर्निअर. सई आणि यज्ञेश बाजारात श्रीखंड आणायला गेले होते. परतले तर व्हर्निअरच्या शेजारी, झेंडूच्या दोन फुलांखाली यज्ञेशचा डेक बसलेला.

यज्ञेशचे डोळे भरून आले. "बाबा, हे..."

"अवजार आहे ना ते तुझं? मग पाटावरच बसणार," दशरथ दुसरीकडे बघत म्हणाले. "आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत हात लावायचा नाही."

बापाने आपल्याला कामगार मानलं, या आनंदात यज्ञेशने संध्याकाळपर्यंत श्रीखंडाच्या चार वाट्या संपवल्या. आरती झाली, नमस्कार करून त्याने फुलं बाजूला केली, डेक उचलला आणि त्याच्या पोटातलं श्रीखंड जागच्या जागी गोठलं.

प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं एक काळं झबलं घातलेलं असावंच लागतं. त्याला म्हणतात स्लीव्ह. पाठीमागून साठही पत्ते हुबेहूब सारखे दिसायला हवेत, नाहीतर कुठला पत्ता कुठे आहे ते खेळणाऱ्याला ओळखू येईल. खूण असलेला पत्ता म्हणजे सरळ फसवणूक. सापडला की खेळाडू बाहेर. आणि यज्ञेशच्या सगळ्यात वरच्या पत्त्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, रुपयाएवढं हळदकुंकू होतं.

त्याने पत्ता उलटून पाहिला. अग्निनाग! सबंध डेकमधला सगळ्यात जबरदस्त पत्ता. कुंकू लावायचंच होतं तर एखाद्या फडतूस बेडकाला लागलं असतं. पण दशरथांनी डेकचा मुखिया कोण ते बघून, त्यालाच वर ठेवून मान दिला होता.

"सई, ओला कपडा आण."

"निघायचं नाही ते," दशरथ शांतपणे म्हणाले. "वॉर्निश घातलंय त्यात."

"कुंकवात?"

"मग? नुसतं कुंकू मशीनवर टिकतं होय? तेलाने जातं. आमच्या खात्यात मी लावलेलं कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसायचं."

सईने नेलपॉलिश काढायचं औषध आधी एका जुन्या स्लीव्हवर लावून पाहिलं. काळं प्लास्टिकच कोडासारखं पांढरं पडू लागलं. तिने झटकन हात आवरला. यज्ञेशने अंधेरीच्या दुकानाला फोन केला, तर दसऱ्याची सुट्टी. बाकीच्या जुन्या स्लीव्ह काढल्या, तर त्यांचे कोपरे कुत्र्याने चावल्यासारखे. स्पर्धेच्या हॉलवर स्टॉल असतात, पण ते दहाला उघडतात आणि पहिला राउंड आठला.

"वाट लागली," यज्ञेश जमिनीवर बसला. "अकरा वर्षं पत्ते कुटले आणि शेवटी कुंकवाने मेलो."

कुंदाताईंनी पलंगाखालच्या डब्यांकडे एक प्रेमळ नजर टाकली.

दशरथांचा चेहरा मात्र उतरला. सईने तो पाहिला आणि ती म्हणाली, "मला एक सांग. एकावर खूण आहे म्हणून फसवणूक ना? साठांवर असली तर?"

यज्ञेशने फोनवर नियम उघडले, दोनदा वाचले. "सगळ्या सारख्या हव्यात. पण अगदी सारख्या. केसभर फरक चालणार नाही."

"केस?" दशरथ उठले. त्यांनी पाटावरची व्हर्निअर उचलली, तिला नमस्कार केला आणि अग्निनागाच्या कुंकवावर टेकवली. चारही बाजूंनी अंतर मोजलं. मग चष्मा वर सारून म्हणाले, "बरोबर मध्य आहे. डोळ्यांनी काढलेला. केस फार जाड असतो रे."

पुढच्या दहा मिनिटांत खोलीचा कारखाना झाला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणातून दशरथांनी पत्त्याच्या मापाची चौकट कापली, मध्ये भोक पाडलं, कानशीने घासलं. चौकटीत पत्ता ठेवायचा, भोकातून आधी हळद, मग कुंकू. सईने वॉर्निश ढवळायचं, यज्ञेशने पत्ता सरकवायचा, दशरथांनी टिकली मारायची. दर पाचव्या पत्त्याला व्हर्निअर. यज्ञेशचा हात एकदा हलला तर दशरथ ओरडले, "पीस धर नीट!" आणि त्या ओरडण्यात दहा वर्षांची पेन्शन गळून पडली.

साठ पत्ते वाळायला पलंगावर, टेबलावर, फ्रिजवर मांडले होते, तेवढ्यात शेजारच्या प्रेमाकाकू आपट्याची पानं घेऊन आल्या. "सोनं घ्या, सोन्यासारखं..." एवढं म्हणून त्या थबकल्या. घरभर काळे पत्ते, प्रत्येकावर हळदकुंकू आणि मधोमध घामाघूम यज्ञेश, हातात दात विचकलेला एक राक्षस.

"कुंदा," त्या हळूच म्हणाल्या, "कधीपासून आहे हे?"

"सात वर्षां झाली," कुंदाताई म्हणाल्या. चिडल्या की त्या मालवणीत शिरत. "माझो अख्खो खण खाल्ल्यान."

काकूंनी पानं उंबऱ्यावरच ठेवली, दुरून हात जोडले आणि पाठ न दाखवता घरी गेल्या. पाच मिनिटांनी त्यांच्या सुनेने सात लिंबं आणून दिली. सईने त्यांचं सरबत केलं.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या हॉलमध्ये पहिल्याच राउंडला यज्ञेशसमोर ओजस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आला. डेक बघताच त्याने हात वर केला. "जज!"

जज होत्या अनुपमा मॅडम. गळ्यात बिल्ला, चेहऱ्यावर इस्त्री. "हे काय आहे?"

"हळदकुंकू."

"कशाला?"

"काल दसरा होता."

"साठांवर?"

"आधी एकावरच होतं," यज्ञेश प्रामाणिकपणे म्हणाला आणि लगेच पस्तावला.

मॅडमनी साठही पत्ते टेबलावर पालथे मांडले. पट्टीने मोजले, फिरवून मोजले, बोटाने घासून पाहिले. भोवती गर्दी जमली. यज्ञेशला तो मधला खण दिसू लागला, त्यात एकामागे एक शिरणारे डबेही दिसू लागले. एकोणसाठ झाले, साठ झाले. मॅडमनी मान वर केली.

"कुणी केलंय?"

"वडिलांनी. फिटर होते."

"माझेही टर्नर होते," मॅडम म्हणाल्या. क्षणभर इस्त्री मोडली. "एकातही फरक नाही. खेळा."

आणि मग गंमतच झाली. डेक पिसून समोरच्याला कापायला द्यायचा असतो. तिथे भलेभले अडखळू लागले. ओजसने कापण्याआधी चोरून नमस्कार केला आणि हरला. दुसरा पायातले बूट काढून बसला, तोही हरला. तिसऱ्याने "दादा, याला शिवलं तर चालेल ना?" असं विचारलं, तिथेच त्याचा निकाल लागला. मधले दोन निर्ढावलेले निघाले, त्यांनी यज्ञेशला धूळ चारली. पण आठपैकी सहा डाव जिंकून, संध्याकाळी भिंतीवरच्या यादीत यज्ञेशचं नाव होतं. बत्तिसावं. त्याच्याखाली रेघ.

तो पेढे घेऊन घरी आला. दशरथांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पेढा खायच्या आधी विचारलं, "एखादी टिकली उडाली?"

"एकही नाही."

"उडणार कशी," दशरथ म्हणाले आणि व्हर्निअर पेटीत ठेवायला उठले, कारण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

यज्ञेशने विजयी वीरासारखं कपाट उघडलं. मधल्या खणात अकरा स्टीलचे डबे ओळीने उभे होते, लखलखीत.

"आई! मी जिंकलोय. तह ठरला होता ना?"

"मग मी कुठे नाही म्हणते?" कुंदाताईंनी त्याच्या हातातला डेक अलगद घेतला, देवघरात गणपतीच्या शेजारी ठेवला आणि उदबत्ती ओवाळली. "पण पूजा झालेलं अवजार कोणी कुळथाच्या पिठाच्या कपाटात ठेवतं का?"

"आणि माझे बारा खोके?"

"त्यांना कुठे कुंकू लागलंय? पलंगाखाली आहेत." त्यांनी पेढा तोंडात टाकला. "आणि उद्या सकाळी डेक नेताना आधी अंघोळ कर. पारोशाने देवघराला हात लावायचा नाही."