कुतैबाचे दहा टक्के

टक्केवारीचा प्रश्न कसा विचारावा, हे अख्ख्या अम्मानमध्ये आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं कुतैबाचं ठाम मत होतं. त्याचं पोटच त्यावर चालायचं. साबण, चहा, डायपर विकणाऱ्या कंपन्यांसाठी तो ऑनलाइन पाहण्या बनवायचा. त्यामुळे मैसूनला मागणी घालायला खानदानातले वडीलधारे, म्हणजे जाहा, तिच्या घरी जायचे ठरले आणि तिचे वडील अबू वद्दाह यांनी "किती खुर्च्या मांडू?" असं विचारलं, तेव्हा स्वारी गालातल्या गालात हसली.

"येणार का विचारलं की सगळे हो म्हणतात," त्याने आईला समजावलं. "येण्याची शक्यता किती टक्के, असं विचारायचं. मग माणूस खरं बोलतो."

"साध्या फोनने भागत होतं," आई म्हणाली. तिचं कोण ऐकतो!

चौकटीत फक्त शून्य ते शंभर एवढाच आकडा बसेल, अशी त्याने सोय केली. सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना दिसतील, म्हणजे लपवाछपवी नको. चौकट चालते का हे बघायला स्वतःच्या नावापुढे दहा टाकले, आणि खुशीत पाहणी खानदानाच्या ग्रुपवर सोडून दिली.

तासाभरात जाहाचे प्रमुख अबू घालिब काका यांचा फोन आला. "अरे, तुझ्या चौकटीत इन्शाल्ला लिहिता येत नाही."

"काका, फक्त आकडा लिहायचा."

"मग शंभर. पुतण्याच्या मागणीला नव्वद लिहिले तर लोक म्हणतील, अबू घालिब रुसलाय."

साठ जणांना पाहणी गेली होती. साठही जणांनी शंभर लिहिले. दुसरा कुणी हबकला असता, पण कुतैबाला अनुभव होता. भिडेखातर लिहिलेला शंभर तीसच धरायचा, हा त्याचा ऑफिसातला नियम. साठांचे तीस टक्के अठरा. वर दोन खुर्च्या आपल्या मनाच्या मोठेपणाच्या. त्याने अबू वद्दाहना छातीठोकपणे वीस सांगितलं.

शुक्रवारी चौसष्ट माणसं आली. वरच्या चौघांनी तर पाहणी पाहिलीसुद्धा नव्हती. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या, स्वयंपाकघरातली स्टुलं आली, शेवटी गाद्याही आल्या. मागणी ज्याच्यासाठी होती तो कुतैबा दाराशी चपलांजवळ उभा राहिला. अबू वद्दाहच्या कपाळाला आठी पडली होती, आणि हा माणूस बिथरला तर मैसून हातची जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अबू घालिब काकांनी रिवाजाप्रमाणे कॉफीचा पेला न पिता समोर ठेवला. "तुमची मुलगी आमच्या मुलाला द्या, मगच ही कॉफी पिऊ."

अबू वद्दाहनी पेल्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावला आणि फोन काढला. अबू घालिबच्या बायकोने, पोरगा किती हुशार आहे पाहा म्हणून, ती पाहणी मैसूनच्या आईला कौतुकाने पाठवली होती, आणि तिथून ती घरभर पोचली होती.

"इथे सगळ्यांचे शंभर आहेत," ते सावकाश म्हणाले. "नवरदेवाचे दहा. उरलेले नव्वद टक्के कुठे गुंतलेत?"

चौसष्ट माना दाराकडे वळल्या.

"ते... चाचणीसाठी टाकले होते," कुतैबा म्हणाला.

"चाचणी? माझ्या मुलीची?"

कॉफी निवत चालली. अबू घालिब काकांनी पेला जरासा पुढे सरकवला. कुतैबाला प्रथमच वाटलं, आईचं ऐकायला हवं होतं.

तेवढ्यात अबू वद्दाहच्या हातातला फोन वाजला. पाहणीत एक नवी ओळ आली होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मैसून," ते म्हणाले. "अकरा."

कुतैबाने दाराची चौकट धरली. मग आतल्या पडद्यामागून मैसूनचा स्वच्छ आवाज आला, "बाबा, त्यांच्यापेक्षा एक जास्तच आहे."

अबू वद्दाहच्या मिशा थरथरल्या. त्यांनी बराच वेळ हसू दाबलं आणि मग सोडून दिलं. "घ्या, कॉफी घ्या. मुलगी तुमची."

अबू घालिब काकांनी गार कॉफी एका घोटात संपवली. "दोघांचे मिळून एकवीस झाले," ते म्हणाले. "आमच्या लग्नात एवढेसुद्धा नव्हते."

"अजूनही नाहीत," पडद्यामागून काकू म्हणाल्या.