बिनखर्ची वेलवांगी

बिनखर्ची परसबाग योजनेचा मूळ हेतू चांगला होता, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. योजनांचा मूळ हेतू चांगलाच असतो. बिघडतं ते पुढे, माणसं त्यात शिरली की.

साल एकोणसाठ. जनतेने भरपूर भाजी खावी आणि त्यापायी कोणाचाही पैसा खर्ची पडू नये, असा निर्णय वर कुठेतरी झाला. त्याच्या प्रसारासाठी मुळशी पेट्यात, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, परसबाग प्रोत्साहन केंद्र उघडण्यात आलं. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक शिपाई आणि एक कारकून. शिपाई गेणबा. कारकून मी. साहेब पुण्याला बसत आणि आमच्यावर तिथूनच लक्ष ठेवत.

नमुन्याची बाग कोणी करायची, हा पहिला प्रश्न. गावातले मोठे जमीनदार हैबतराव यांना विचारलं. ते म्हणाले, "आमी भात पिकिवतो. भाजी इकत घेतो." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला आणि विषय संपला. तेव्हा बाग नियमाप्रमाणे केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडली. आमच्या घराण्यात भात आणि भांडणं याखेरीज काही पिकलेलं नाही, असं मी लेखी कळवलं. उत्तर आलं की नवशिक्याने केलेली बाग जनतेस अधिक प्रेरक ठरते.

माझी बायको सगुणा मात्र हरखली. त्याला कारण होतं. ज्येष्ठात तिची आई रंभाबाई आमच्याकडे राहून गेली होती. जाताना मोकळं परसदार बघून म्हणाली होती, "एवढी जागा हाय, आन् कोथिंबिरीची काडी बी इकत आनता व्हय? माज्या लेकीला शोभत न्हाई." सगुणाला ते लागलं. ती तिथल्या तिथे बोलली, "आये, औंदा भोगीला ये. भोगीची भाजी माज्या परसातल्या वांग्याची घालीन." आई-लेकीतला शब्द हा कोणत्याही परिपत्रकापेक्षा वरचा असतो. त्यात दुरुस्ती निघत नाही.

परिपत्रकात म्हटलं होतं: बी स्वयंपाकघरातील, पाणी मोरीतील, खत गोठ्यातील, कुंपण रानातील आणि श्रम घरातील वापरावेत. घरातील श्रम म्हणजे सगुणा. मी फक्त एक कुदळ विकत आणली, तर पुण्याहून विचारणा झाली की बिनखर्ची बागेत कुदळ कशी. कुदळ माझ्या खाजगी व्यायामासाठी आहे, असं मी कळवलं. ते मान्य झालं.

आषाढात आमच्याकडचा पाऊस बाग घेऊन गेला. पेरलेलं बियाणं मूळ जागी नसून खालच्या अंगाला हैबतरावांच्या भातखाचरात स्थलांतरित झालं आहे, असा अहवाल मी धाडला. पुण्याहून शेरा आला, "प्रगती समाधानकारक." सगुणाने पदर खोचून पुन्हा वाफे केले, भादव्यात वांग्याची रोपं लावली, कुंपणावर पावट्याचा वेल चढवला. मोरीचं पाणी ती बादलीने नेऊन घालायची. त्या दिवसांत मी अंघोळीला एक तांब्या जास्त घेतला तर तिला आनंद व्हायचा.

आणि दिवाळीत वांगी धरली. काटेरी, जांभळी, देठाशी हिरवी. सगुणा सकाळी दात घासायच्या आधी जाऊन त्यांच्याकडे बघून यायची. मलाही, खोटं कशाला बोलू, आपण फार मोठं काही केलंय असं वाटायला लागलं. त्या भरात मी पुण्याला उत्साहाने कळवलं की बागेत फळधारणा झाली आहे. आयुष्यात एवढा मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही.

परतटपाली हुकूम आला. "वरिष्ठांची पाहणी होईपर्यंत तोडणी करू नये. फळांवर शिपायामार्फत देखरेख ठेवावी."

गेणबा रोज सकाळी येऊन वांगी बघायचा. गडी कामाला चोख. टेबल पुसायला सांगितलं तर त्याची कंबर दुखायची, पण वांग्यांना तो आठवड्याचीही सुट्टी देत नसे. एकदा सगुणाने सोसवेना म्हणून दोन वांगी तोडून भरीत केलं. दुसऱ्या दिवशी गेणबा केंद्रात येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, दोन वांगी गायब हायेत."

"असतील. पोपटांनी नेली असतील."

"पोपाट देठ कातरत न्हाईत. इळीनं कापल्यालं हाय." मग जरा वास घेऊन म्हणाला, "तुमच्या सदऱ्याला लसनाच्या फोडनीचा वास येतोय."

त्याने तोंडी वर्दी दिली, ती मला लेखी घ्यावी लागली. वर्दी आली म्हटल्यावर खुलासा मागवणं प्राप्त होतं. केंद्रातला एकमेव कारकून मी, त्यामुळे मीच मला पत्र लिहून खुलासा मागवला. तो मुदतीत आला नाही म्हणून मीच मला ताकीद दिली. ताकीद कडक होती. दोन दिवस मी स्वतःशी धड बोललो नाही.

पाहणी मार्गशीर्षात ठरली, ती साहेबांच्या घरी लग्न निघाल्याने पौषात गेली. वांगी कोणासाठी थांबत नाहीत. ती फुगली, मग पिवळी पडली, मग तांबूस होऊन बियांनी गच्च झाली. जुनी काढली नाहीत म्हणून झाडांनी नवी धरणं सोडून दिलं. पावट्याच्या शेंगा वेलावरच वाळून खुळखुळायला लागल्या. भरल्या परसातून सगुणा आठवडी बाजाराला पिशवी घेऊन जायची, आणि भाजीवाली सारजाबाई तिला सगळ्यांदेखत म्हणायची, "का गं, सरकारी बागंतली भाजी संपली का?" घरी येऊन सगुणा पिशवी आपटायची.

भोगीच्या आदल्या दिवशी रंभाबाई आली. त्याच दिवशी निरोप आला की साहेब उद्या सकाळी पाहणीस येत आहेत.

सगुणाने हार मानली होती. बाजारातून भोगीची सगळी भाजी आणून ठेवली होती: कोवळी वांगी, गाजरं, पावट्याच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे. आईपुढे पिशवी ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रंभाबाईने पिशवीत डोकावून पाहिलं, मग परसात, मग माझ्याकडे.

"जावईबापू, लावनी कुनी केली, पानी कुनी घातलं, आन् हुकूम कुनाचा?"

मी परिपत्रकाचा क्रमांक सांगितला. त्याने तिचं समाधान झालं नाही.

भोगीला सकाळी गेणबाने बागेवर नजर टाकली आणि त्याचा चेहरा उतरला. "भाऊसाहेब, ही असली पिवळी ढोबळी साहेबाला दावायची? तुमचं काय व्हायचं ते व्हईल, माजी नोकरी जाईल." मग त्याची नजर पिशवीवर गेली. "मागं आमी कोंबड्यांच्या पाहनीला शेजारच्या कोंबड्या आनल्या व्हत्या. साहेबानं पाठ थोपटली व्हती."

मला ते पटलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण मी दोरा शोधायला लागलो. घरात काळा दोरा होता. पिवळी वांगी तोडून उकिरड्यावर टाकली आणि बाजारची कोवळी वांगी देठाला दोरा घालून झाडांना बांधली. गाजरं गेणबाने वाफ्यात खोचली, घाटे त्यांच्या शेजारी, ओल्या शेंगा कुंपणावरच्या वेलात अडकवल्या. सगुणा रागात होती, तरी गाठी तिच्याच नीट बसत होत्या. झाडं संपली, वांगी उरली. जीपचा आवाज आला तेव्हा गेणबाने उरलेली वांगी घाईघाईने पावट्याच्या वेलाला बांधून टाकली.

साहेब बघत बघत वेलापाशी आले आणि थबकले.

"वेलावर वांगी?"

"होय साहेब," मी म्हणालो. "स्थानिक वाण आहे."

"खर्च?"

"काहीच नाही साहेब."

"वा." त्यांनी एक वांगं स्वतःच्या हाताने तोडलं. त्याच्याबरोबर वीतभर काळा दोरा आला. "हा दोरा कसला?"

मी गेणबाकडे पाहिलं, गेणबाने आभाळाकडे. दारातून रंभाबाई शांतपणे म्हणाली, "दिष्ट लागू न्हाई म्हनून बांधलाय, साहेब. लोकांची नजर लई वंगाळ."

साहेबांनी मान डोलावली आणि लोकपरंपरा व आधुनिक शेती यांचा संगम, असं काहीसं लिहून घेतलं. मग एक गाजर ओढलं. ते फारच सहज आलं. जमीन भुसभुशीत ठेवल्याबद्दल त्यांनी माझं खास कौतुक केलं. नंतर सगळी भाजी नमुन्यादाखल टोपलीत भरून जीपमध्ये ठेवायला सांगितलं, कारण त्या दिवशी भोगी होती आणि बाईसाहेबांनी बजावून पाठवलं होतं. जाताना मला म्हणाले, "न खाई भोगी तो सदा रोगी. तुम्हीही भाजी खात जा."

जीप गेली. चूल पेटलेली, बाजरीच्या भाकरीला तीळ लावून तयार, आणि घरात भाजीचं पानसुद्धा नाही. सगुणा उंबऱ्यावर बसून राहिली. ज्या भोगीच्या भाजीसाठी ती पावसाळ्यापासून राबली, ती विकतचीसुद्धा तिच्या आईसमोर गाडीत बसून निघून गेली होती. मला तिच्याकडे बघवेना.

रंभाबाई उठली, उकिरड्यावर गेली आणि सकाळी टाकलेली पिवळी वांगी ओच्यात घालून आली. विळीवर चिरली, बिया वेगळ्या काढल्या, तीळकूट घालून भाजी केली. आम्ही जेवायला बसलो. तिने पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कडू हाय," ती म्हणाली. "पन माज्या लेकीच्या परसातली हाय." आणि तिने आणखी वाढून घेतली. मग कुठे सगुणा जेवली.

योजना पुढे मोठ्या यशाला पोचली. 'वेलवांगी' या बिनखर्ची स्थानिक वाणाची लागवड सर्वत्र करावी, असं परिपत्रक निघालं आणि बियाण्यासाठी आमच्या केंद्राचा पत्ता छापला. रंभाबाईने काढून ठेवलेल्या बिया सगुणाने वाळवून पुड्या बांधल्या. मागणी एवढी आली की गेणबाची कंबर आता खरोखर दुखते. पुण्याहून तर रोजच पत्रं येतात, कारण बंगल्यातल्या मंडळींना कष्टावाचून आणि खर्चावाचून उगवलेली घरची भाजी फार आवडते. वेलाला वांगी लागली नाहीत, अशी तक्रार आजवर एकानेही केलेली नाही. उलट सगळ्यांनी भरघोस पीक आल्याचं कळवलं आहे.

आपलंही पत्र पोचलं. बी पाठवत आहे. सोबत काळा दोरा जोडला आहे.